दगडावरली आणि मोहावरली: एका आमरीचं प्रकरण

वाद सुरू झाला तो गुडघेदुखीवरून. गाविलगडच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी आमच्या भागात सांध्यांच्या दुखण्यावर रास्नेचा, म्हणजे झाडा-दगडांवर वाढणाऱ्या एका आमरीचा (ऑर्किडचा), काढा देणारे एक आबाजी आहेत. त्यांचं म्हणणं असं की मोहाच्या झाडावर वाढणाऱ्या रास्नेपेक्षा दगडावरची रास्ना जास्त गुणाची. "झाडावरली आयत्या सावलीत बसून रायते. दगडावरलीनं ऊन खाल्लं असते, तिच्यात तेज हाये." गावात हे पक्कं बसलेलं होतं. त्यामुळे नाल्याकाठच्या खडकावरची रोपं दर उन्हाळ्यात विळ्यानं खरवडली जात, आणि वीस पावलांवरच्या मोहावर तीच वाटणारी रोपं झुबक्यांनी वाढत असूनही तिकडे कुणी पाहत नसे.

मी तालुक्याला कनिष्ठ महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवतो. गावच्या एका विद्यार्थ्यानं वर्गात विचारलं, "सर, दगडावरली आणि मोहावरली एकच हाये का?" मी 'हो' म्हणून मोकळा झालो. रविवारी जाऊन दोन्ही पाहिल्या, आणि आपण न पाहता उत्तर दिलं याची मला लाज वाटली. कारण दोन्ही रोपं खरोखरच वेगळी दिसत होती. पुढचे चार उन्हाळे त्या एका प्रश्नामागे गेले. त्याचा हा वृत्तांत.

जागा

नाला पावसाळ्यात भरून वाहतो आणि होळीपर्यंत आटतो. त्याच्या उजव्या काठाला घराएवढा काळा खडक उभा आहे. दख्खनच्या लाव्ह्याचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला. त्याचा वरचा थर घट्ट, पण मधला थर भोकाभोकांचा. लाव्ह्यातले वायूचे बुडबुडे जिथे अडकून राहिले तिथे ही भोकं पडली. आमरीची रोपं नेमकी या मधल्या थरात आणि खडकाच्या उत्तरेकडच्या अंगाला. दक्षिणेच्या अंगाला वैशाखात हात टेकवत नाही, तिथे एकही रोप नाही.

खडक ई-क्लास जमिनीवर, म्हणजे गावच्या सरकारी गायरानावर, आहे. त्याला लागून एका दादांचं तुरीचं वावर, आणि वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, दोन जुने मोह. वर टेकाडावर सालई आहे, पण सालईवर आमरी मला कधी दिसली नाही. तिची साल कागदासारखी सुटत राहते, तिथे मूळ धरणार कशाला? मोहाची साल खडबडीत, भेगाळलेली, पाणी धरणारी.

रोपाचं शास्त्रीय नाव व्हँडा टेसेलाटा. विल्यम रॉक्सबर्ग यांनी १७९५ मध्ये कोरोमंडल किनाऱ्यावरच्या वनस्पतींच्या ग्रंथात तिचं वर्णन केलं, ते दुसऱ्या प्रजातीत, म्हणजे जातींच्या दुसऱ्या गटात, घालून. व्हँडा ही प्रजाती रॉबर्ट ब्राऊन यांनी १८२० मध्ये मांडली, ती याच रोपाला धरून. शब्द आपलाच आहे: संस्कृतातला 'वंदा', म्हणजे झाडावर वाढणारं झाड. टेसेलाटा म्हणजे चौकटीचौकटीचं, फरशीच्या नक्षीसारखं. फूल पाहिलं की नाव पटतं.

गावात मात्र तिला कुणी रास्ना म्हणतं, कुणी बांडा, आणि पुष्कळ जण सरळ बांडगूळ म्हणतात. मोहफुलं वेचायला येणाऱ्या एका मावशींनी हा घोळ माझ्यासमोर सोडवला. "बांडगूळ झाडाचं रगत पेते, सर. हे नाई पेत. झाड वठलं तरी हे हिरवंच रायते. मंग पेलं काय यानं?" वर्गात मी यासाठी अर्धा तास घेतो. आमरी झाडावर बसते ती फक्त आधारासाठी. अन्न तिचं ती करते, पाणी हवेतून आणि सालीवरून ओघळणाऱ्या पावसातून घेते. म्हणूनच तिला झाड आणि दगड दोन्ही चालतात.

तिचं मूळ एकदा जवळून पाहावं. शिसपेन्सिलीच्या जाडीचं, चंदेरी पांढरं, खडकाला गोगलगायीसारखं चिकटलेलं. मी त्यावर बाटलीतलं थोडं पाणी ओतलं. पांढरा रंग बघता बघता विरला आणि आतून हिरवा वर आला. बाहेरचा पांढरा थर म्हणजे मेलेल्या, पोकळ पेशींचा टीपकागद. कोरडा असताना तो प्रकाश परतवतो म्हणून पांढरा दिसतो, पाणी प्यायला की पारदर्शक होतो आणि खालचा हिरवा भाग दिसतो. खडकावर या मुळांनी भोकांत शिरून अशी पकड घेतली होती की उचलायला गेलं तर मूळ तुटेल, सुटणार नाही. खरवडून नेलेल्या रोपांच्या जागी मुळांचे पांढरे ठसे तसेच राहिले होते.

फरक काय होता

मोहावरच्या रोपांची पानं वीतभर लांब, लवचीक, खाली झुकलेली. खडकावरची चार-पाच बोटं लांब, जाड, मधोमध दुमडलेली, कडेला तांबूस. कुणालाही दाखवली असती तर दोन जाती म्हणाला असता, आणि पहिल्या वर्षी एका जाणत्या अभ्यासकानं फोटो पाहून तसं म्हटलंही.

फुलं चैत्रवैशाखात आली तेव्हा गुंता वाढला. उभ्या दांड्यावर सहा ते दहा फुलं, प्रत्येक साधारण साडेचार सेंटिमीटर रुंद, पाठ पांढरी, सकाळी गोडसर वास. बहुतेकांच्या पाकळ्या आतून पिवळट हिरव्या, त्यावर तपकिरी जाळी, आणि ओठ, म्हणजे पुढे आलेली खालची पाकळी, जांभळा. पण सगळी तशी नव्हती. काहींची जाळी इतकी फिकी की फूल हिरवंच वाटे. दोन रोपांना जाळीच नव्हती: स्वच्छ पिवळ्या पाकळ्या आणि जांभळा ओठ. आणि खडकाच्या वरच्या कपारीत एकच रोप असं, की पाकळ्या पिवळट हिरव्या, डाग एकही नाही, आणि ओठ पांढराशुभ्र.

पिवळी दोन पाहून मला आधी वाटलं, ही व्हँडा टेस्टासिया असावी. तीही महाराष्ट्रात आहे, तिचीही फुलं पिवळी, ओठ निळसर. पण तिचं फूल जेमतेम दोन सेंटिमीटरचं. इथे मोजपट्टी साडेचारवर जात होती आणि ओठाचा आकार शेजारणींसारखाच होता. म्हणजे रंग वेगळा असला तरी जात तीच.

रंगाबद्दल एक गोष्ट समजली की पुढचं सगळं सोपं होतं. या फुलातला तपकिरी हा वेगळा रंगच नाही. पिवळ्या लुगड्यावर जांभळाचा डाग पडला की तो तपकिरी दिसतो, तसंच आहे. तळाला पिवळं आणि हिरवं रंगद्रव्य, त्यावर अँथोसायनिन नावाचं जांभळं. पाकळीत जांभळं जिथे उतरतं तिथे तपकिरी जाळी दिसते. ओठात खाली पिवळं फारसं नाही म्हणून तिथे ते स्वच्छ जांभळं दिसतं. जाळी नसलेल्या दोन रोपांत जांभळं बनत होतं, फक्त पाकळीत उतरत नव्हतं. कपारीतल्या त्या एका रोपाच्या फुलात मात्र ते कुठेच दिसत नव्हतं. बाहेरून 'पिवळी' या एकाच नावात बसणारी ही रोपं आतून दोन निराळ्या कारणांनी पिवळी होती.

पहिल्या वर्षीची माझी रंगांची नोंद मला टाकून द्यावी लागली. मी कधी सकाळी, कधी भर उन्हात, कधी उमलल्याच्या दिवशी, कधी आठवड्यानं फोटो काढले होते. फूल जुनं होताना त्याचा हिरवा जाऊन पिवळा वाढतो, आणि दुपारचं ऊन सगळंच फिकं दाखवतं. एकाच फुलाच्या दोन फोटोंना मी दोन प्रकार म्हणून लिहून बसलो होतो. पुढच्या वर्षीपासून नियम केला: फूल उमलल्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी, सावलीत, शेजारी वहीचा कोरा पांढरा कागद धरून. हे काम करू पाहणाऱ्यानं एवढं तरी पाळावंच. बाकी अवजारं नसली तरी चालतं.

मोह पडला

दुसऱ्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीस वादळ झालं आणि धुऱ्यावरचा एक मोह मुळासकट आडवा झाला. वावराचे मालक दादा, त्यांनी सकाळीच फोन केला. "सर, तुमचं ते झाडावरलं खाली आलं. मले लाकूड फोडाचं हाये, या लवकर."

त्या मोहावर सात मोठी रोपं होती. त्यांतल्या चार रोपांचे रंग मला त्याच उन्हाळ्यातल्या, नव्या नियमानं केलेल्या नोंदीवरून ठाऊक होते: तीन जाळीची, एक हिरवट. फांदीच्या सालीसकट सगळी सोडवली. चार रोपं, त्यांत ते हिरवट, खडकावर खरवडलेल्या जागांत सुतळीनं बांधली, आणि तीन उभ्या असलेल्या दुसऱ्या मोहावर. शीतपेयाच्या डब्याचा पत्रा कापून त्यावर खिळ्यानं आकडे कोरले आणि प्रत्येकाला अडकवले. पाऊस आठ-दहा दिवसांत आला, ते फार बरं झालं. मुळांनी दोन महिन्यांत दगड धरला. सुतळी कुजून आपोआप गळाली.

ठरवून केलेला प्रयोग हा नव्हे. रोपं मोजकी होती, आणि खडकावरच्या चारांपैकी एक पुढच्या उन्हाळ्यात वाळून गेलं. पण जे दिसलं ते इतकं उघड होतं की मी त्यावर विश्वास ठेवतो. खडकावर आल्यावर फुटलेली नवी पानं आखूड झाली. जाड झाली. दुमडली. व्हँडा एकाच खोडावर वर वर वाढत जाते, जुनं पान खाली राहतं, नवं शेंड्याला येतं. त्यामुळे तिसऱ्या वर्षी एकाच रोपावर दोन्ही गोष्टी शेजारी उभ्या होत्या: खाली मोहावरची वीतभर पानं, वर दगडावरची चार बोटांची. मधे दोन पानं अर्धवट, ना इकडची ना तिकडची. माझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या एका खोडावर लिहिलेलं होतं. दुसऱ्या मोहावर बांधलेल्या तिघांची पानं लांबच राहिली.

पान आखूड होण्यात रोपाचा फायदा आहे. व्हँडा आपली पर्णरंध्रं, म्हणजे पानांवरची बारीक छिद्रं, दिवसा मिटून घेते आणि रात्री उघडते. कार्बन डायऑक्साइड रात्री घेऊन आम्लाच्या रूपात साठवते आणि दिवसा बंद दारामागे वापरते. घायपाताची आणि निवडुंगाची हीच रीत. खडक दिवसभर तापतो आणि अर्धी रात्र ती उष्णता सोडत राहतो, तिथे पानाचा जितका कमी भाग उघडा तितकं पाणी वाचतं. पानाच्या कडेचा तांबूस रंगही उन्हाचाच. फुलातलंच ते जांभळं द्रव्य पानात छत्रीसारखं वापरलं जातं.

फुलं मात्र बदलली नाहीत. हिरवट होती ती दगडावरही हिरवटच फुलली. जाळीची जाळीचीच. ऊन जास्त मिळाल्यानं जाळी थोडी गडद झाली, हे नोंदवायला हवं, पण हिरवटाला जाळी आली नाही. पानाचा आकार जागा ठरवते, जाळी बीज ठरवतं. दगडावरली आणि मोहावरली एकच आमरी आहे, आणि त्या एकीच्या पोटात रंगांचे निदान चार प्रकार आहेत, ते दगडाशी किंवा झाडाशी बांधलेले नाहीत.

एकाच बोंडातलं बी दोन्हीकडे पोचत असणार, यातही नवल नाही. बोंड तडकतं तेव्हा मी हात खाली धरला होता. फिकट पिवळी धूळ पडली आणि फुंकर न घालताच उडून गेली. एका बोंडात हजारोंनी बिया, पण एकीतही शिदोरी नाही. तांदळाच्या दाण्यात अंकुरासाठी पीठ असतं, तसं आमरीच्या बीत काहीच नसतं. सालीच्या भेगेत किंवा दगडाच्या भोकात योग्य बुरशी भेटली आणि तिनं अन्न पुरवलं तरच बी रुजतं. आमरीच्या बियांचं हे गुपित फ्रान्सच्या नोएल बर्नार यांनी १८९९ मध्ये ओळखलं. त्यातून रुजलेल्याला फूल यायला काही वर्षं लागतात. खडकावर भरपूर फुलं येऊनही बोंडं फार थोडी धरत, आणि करंगळीएवढी कोवळी रोपं मला चार वर्षांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच दिसली. विळ्याचा एक फटका किती वर्षांचा असतो, ते यावरून समजावं.

पांढऱ्या ओठाचं रोप

इथे मला माझी चूक लिहायची आहे.

तिसऱ्या उन्हाळ्यात कपारीतलं पांढऱ्या ओठाचं रोप पुन्हा फुललं. मला इतका आनंद झाला की मी त्याचा मूळ फोटो निसर्गप्रेमींच्या एका मोठ्या ग्रुपवर फाइल म्हणून टाकला, म्हणजे दर्जा जाऊ नये. फोनच्या मूळ फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश असतात, हे मला माहीत होतं. त्या क्षणी सुचलं नाही. दोन आठवड्यांनी मी खडकाशी गेलो तेव्हा कपारीत मुळांचे पांढरे ठसे होते आणि एका पानाचा तुकडा. बाजूची जाळीची रोपं जशीच्या तशी. म्हणजे नेणाऱ्याला नेमकं काय हवं ते ठाऊक होतं. आबाजींनी नेलं असतं तर हाताशी आलेलं पहिलं रोप नेलं असतं, त्यांना फुलाच्या रंगाशी देणंघेणं नाही. हे दुसऱ्याच कुणाचं काम होतं, आणि त्याला रस्ता मी दाखवला.

नुकसान एका रोपाचं झालं म्हणून सोडून देता येत नाही. रंग तयारच न होणं हा गुण बहुतेक वेळा दबून राहणारा असतो, आईकडून आणि बापाकडून दोन्हीकडून आला तरच दिसतो. त्या खडकावरच्या जाळीच्या एखाद्या रोपात तो लपलेला असू शकेल. पण ज्याच्यात तो उघड दिसत होता, ज्याच्या परागातून तो दर वर्षी शेजारणींकडे जाऊ शकत होता, ते रोप गेलं. कुणाच्या तरी गॅलरीत ते आज फुलत असेलही. तिथून त्याचं बी या खडकावर येणार नाही. आणि याची गरजही नव्हती. लुईस नडसन यांनी १९२२ मध्ये साखर घातलेल्या माध्यमावर बुरशीशिवाय आमरीचं बी रुजवून दाखवलं, तेव्हापासून एका बोंडातून प्रयोगशाळेत शेकडो रोपं करता येतात. हौस असणाऱ्यानं तशी रोपं विकत घ्यावीत.

आबाजी, आणि नोंदवही

चौथ्या वर्षी मी आबाजींना खडकाशी घेऊन गेलो. वयामुळे ते नाल्यात जपून उतरले, दादांनी हात दिला. मी फार बोललो नाही. पत्र्याचा आकडा लावलेलं रोप दाखवलं. त्यांनी खालचं लांब पान बोटांत धरलं, मग वरचं आखूड, मग मधली दोन. बराच वेळ ते तसेच उभे राहिले.

"हे पडल्या मोहावरलं व्हय?"

"हो आबाजी. वरची पानं इथं आल्यावर फुटली."

"म्हंजे ऊन लागलं का मोहावरलीबी अशीच व्हते."

त्यांचं निरीक्षण मुळात चुकीचं नव्हतं, हे मला इथे मुद्दाम सांगायचं आहे. दगडावरच्या पानात उन्हानं काहीतरी वेगळं होतं, हे त्यांनी माझ्या आधी कितीतरी वर्षं पाहिलं होतं. काढ्याच्या गुणाबद्दल मी त्यांच्याशी वाद घातला नाही, तो माझा विषय नाही. एवढंच सांगितलं की रास्ना या नावानं बंगालात हीच व्हँडा देतात, उत्तरेकडे दुसरंच एक झुडूप आणि दक्षिणेत आल्याच्या कुळातला एक कंद. ते ऐकून ते म्हणाले, त्यांच्या गुरूनं तर नुसतं 'रास्ना' सांगितलं होतं, दगडावरची असं नव्हतं सांगितलं. तेव्हापासून ते वादळात पडलेल्या फांद्यांवरची रोपं घेतात. दादा त्यांना निरोप पाठवतात. खडकावर विळा लागलेला त्यानंतर मला दिसला नाही.

बाहेरच्या माणसाचं काय करायचं, हा प्रश्न उरला. अभयारण्यात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम २९ नुसार परवानगीशिवाय रोप काढता येत नाही, पण आमचा खडक ई-क्लासवर. सगळ्या आमरी आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या सायटीस करारात आहेत, पण शेजारच्या शहरातल्या गॅलरीपर्यंत तो करार पोचत नाही. हाताशी राहिला तो २००२ चा जैविक विविधता कायदा आणि त्याखालची ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती. ती कागदावर होती. मावशी तिच्या सदस्य निघाल्या, त्यांना स्वतःलाही ते आठवत नव्हतं.

या समितीच्या लोक जैवविविधता नोंदवहीत या आमरीची नोंद करायची ठरलं. पंचायतीच्या खोलीत आम्ही सात-आठ जण बसलो. स्थानिक नावाच्या रकान्यावर सर्वांत जास्त वेळ गेला. आबाजी रास्नेवर अडले, दादा बांडा म्हणाले, आणि मावशींनी बांडगूळ हा शब्द लिहू दिला नाही. शेवटी दोन्ही नावं लिहिली. प्रकारांच्या रकान्यात मी चार ओळी सांगितल्या: जाळीची, हिरवट, पिवळी जांभळ्या ओठाची, पिवळी पांढऱ्या ओठाची. चौथीपुढे 'सध्या दिसत नाही' असं लिहिलं. पानाची लांबी कुठेच लिहायची नाही, असं मी म्हटलं आणि कारण दिलं. आबाजींनी मान हलवली.

मग ठिकाणाचा रकाना आला. ग्रामसेवकांनी गट क्रमांक विचारला. दादांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मी काहीच बोललो नाही, या रकान्यात बोलायचा हक्क मी घालवला होता. मावशी म्हणाल्या, "लिहा, गावाले माहीत हाये." ग्रामसेवकांनी पेन थांबवलं, एकदा सगळ्यांकडे पाहिलं, आणि तसंच लिहिलं.